ऑर्किडला पालाश किती द्यायचं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ऑर्किडच्या खतावर बोलते-लिहिते, आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर तेच प्रश्न नव्याने येतात: "कमी पोटॅशचं खत म्हणजे काय?", "माझ्याकडचं १९:१९:१९ खत चालेल का?", "केळीच्या सालीचं पाणी घालू का?" म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. पालाश, पोटॅश म्हणजे एकच, खतातलं पोटॅशियम. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तर शोधायला सोपं जाईल.

१. पालाश तर झाडाला लागतंच ना? मग ते कमी का करायचं?

लागतंच. पेशीतलं पाणी सांभाळणं, पानावरची रंध्रं उघडणं-मिटणं, साखर इकडून तिकडे नेणं ही कामं पोटॅशियमशिवाय होत नाहीत. मुद्दा प्रमाणाचा आहे. मुळाशी पोटॅशियम भरपूर असलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आत घेण्यात अडथळा येतो. त्यात आपली बहुतेक विद्राव्य खतं अशी, की पालाश नत्राच्या (नायट्रोजनच्या) बरोबरीने किंवा जास्त, आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य. द्राक्षाला, डाळिंबाला जमिनीतून कॅल्शियम मिळतं. कोळशाच्या तुकड्यांवर बसलेल्या ऑर्किडला ते कोण देणार?

पोटॅशियम हे विष नाही. "पोटॅशने ऑर्किड मरतं" असं कोणी सरसकट सांगितलं तर सोडून द्या.

२. ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतून. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या ऑर्किड संग्रहासाठी एक खत तयार झालं. ते ऑर्किड वाढवणाऱ्यांत 'एमएसयू' नावाने प्रसिद्ध आहे. पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यासाठी त्याचं सूत्र १३-३-१५ (हे आकडे कसे वाचायचे ते प्रश्न ३ मध्ये), शिवाय ८ टक्के कॅल्शियम आणि २ टक्के मॅग्नेशियम. म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) कमी, कॅल्शियम भरपूर, पण पालाश नत्राच्या बरोबरीनेच. पुढे रिक लॉकवुड या हौशी अभ्यासकाने प्रश्न उपस्थित केला: झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडला निसर्गात पालाश तुटपुंजं मिळतं, म्हणून मिळेल तेवढं साठवायची त्याला सवय असणार, मग कुंडीत आपण ते एवढं का ओततो? त्यातून 'के-लाइट' नावाचं खत निघालं: १२-१-१, सोबत १० टक्के कॅल्शियम आणि ३ टक्के मॅग्नेशियम. 'कमी पोटॅशियमचं ऑर्किड खत' म्हणताना बहुतेकांच्या मनात हेच असतं.

कल्पना पटण्यासारखी आहे. पूर्ण सिद्ध झाली आहे का, ते प्रश्न १२ मध्ये.

३. पाकिटावरचे तीन आकडे नेमके कसे वाचायचे?

नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने, शेकडा प्रमाण. यातला पहिलाच आकडा सरळ आहे. स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात छापायची जुनी पद्धत अजून चालू आहे. खरं पोटॅशियम काढायचं तर तिसऱ्या आकड्याला ०.८३ ने गुणा, खरं फॉस्फरस हवं तर दुसऱ्याला ०.४४ ने.

म्हणजे १९:१९:१९ मध्ये पोटॅशियम साधारण १५.८ टक्के. एक ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवलं तर त्या पाण्यात १९० मिलिग्रॅम नत्र, सुमारे १५८ मिलिग्रॅम पोटॅशियम, आणि कॅल्शियम शून्य. के-लाइटमध्ये हेच गुणोत्तर पोटॅशियमच्या एका भागाला नत्राचे चौदा भाग असं पडतं. फरक केवढा आहे ते यावरून कळेल.

४. माझ्याकडे १९:१९:१९ चा अख्खा किलो पडून आहे. टाकून देऊ?

अजिबात नको. तो चिमटीने वापरायचा, कृती पुढच्याच उत्तरात आहे. बाल्कनीत वीस-पंचवीस कुंड्या असतील तर एक किलो किती वर्षं पुरेल याचा हिशोब केलात तर हसू येईल. कोरडा ठेवा, तो खराब होत नाही.

५. कमी पालाशचं खत घरी कसं करायचं? नेमकी मापं द्या.

तीन वस्तू लागतात आणि तिन्ही कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात: कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि तेच १९:१९:१९.

नळाच्या मऊ पाण्यासाठी, पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यासाठी, ५ लिटरला:
कॅल्शियम नायट्रेट – अडीच ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट – सव्वा ग्रॅम
१९:१९:१९ – अर्धा ग्रॅम

यातून लिटरमागे सुमारे ९५ मिलिग्रॅम नत्र, ८ फॉस्फरस, १६ पोटॅशियम, ९० कॅल्शियम आणि २४ मॅग्नेशियम मिळतं. नत्र पोटॅशियमच्या सहापट. के-लाइटइतकं टोकाचं नाही, आणि ते मी मुद्दाम नाही केलं.

हे माप नारळाच्या शेंडीवर वाढवणाऱ्यांसाठी आहे, कारण शेंडी स्वतःच पालाश देते (प्रश्न ७). तुमची झाडं पाइनच्या सालीत, नुसत्या कोळशात किंवा स्फॅग्नम मॉसमध्ये (वाळवलेल्या शेवाळात) असतील तर १९:१९:१९ एक ग्रॅम घ्या, बाकीचं तसंच.

चमच्याने मोजू नका. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या. मी पहिलं वर्षभर 'पाव चमचा' या मापावर काढलं. नंतर काट्यावर तोलून पाहिलं तर माझा पाव चमचा कधी एक ग्रॅम भरायचा, कधी दोन.

कॅल्शियम नायट्रेट घेताना पिशवी नीट वाचा. बोरॉन घातलेलं कॅल्शियम नायट्रेटही सर्रास मिळतं, द्राक्षवाले ते वापरतात. ऑर्किडला दर आठवड्याला ते दिलं तर बोरॉन जास्त होईल, तेव्हा साधंच मागा. आणि पिशवी फोडली की लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. हा पदार्थ हवेतलं पाणी इतकं ओढतो, की जुलैत उघडी राहिलेली पिशवी चार दिवसांत पाक होते.

लोह, मँगनीज, जस्त वगैरे या तिघांत फारसं नसतं. महिन्यातून एकदा चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण, पाकिटावरच्या मापाच्या चौथाईने, तेवढं पुरतं.

६. तिन्ही एका बाटलीत घट्ट विरघळवून ठेवले आणि लागेल तसे वापरले तर?

बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ बसेल. कॅल्शियमची सल्फेटशी आणि फॉस्फेटशी घट्ट द्रावणात गाठ पडली की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट तयार होतं, आणि ते झाडाच्या काही उपयोगाचं नाही. दोन बाटल्या करा: एकीत फक्त कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत बाकीचे दोन. पाच लिटर पाण्यात आधी एक घालून ढवळा, मग दुसरी. इतक्या पातळ द्रावणात गाळ धरत नाही.

७. मी नारळाच्या शेंडीत लावते. त्यातच पालाश असतं हे खरं का?

खरं, आणि आपल्याकडच्या लोकांसाठी या पानावरचं हेच सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे. अमेरिकेतले सल्ले बहुतेक पाइनची साल धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे कोकणापासून विदर्भापर्यंत शेंडी आणि कोळसा. नारळाच्या शेंडीत पोटॅशियम आणि क्लोराइड मुळातच भरपूर असतं. खाऱ्या पाण्यात भिजवलेली शेंडी असेल तर वर सोडियमही. ताज्या शेंडीत झाड लावून वर १९:१९:१९ पूर्ण मात्रेत देणं म्हणजे पालाशचा दुहेरी डोस.

नुसतं धुऊन सुटे क्षार जातात. तंतूंना चिकटलेलं पोटॅशियम आणि सोडियम पाण्याने सहज सुटत नाही, त्यांना ढकलायला कॅल्शियम लागतं. मी असं करते: शेंडीचे तुकडे दोन-तीन दिवस भिजवायचे, चहाच्या रंगाचं पाणी रोज बदलायचं. रंग फिका झाला की लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात एक रात्र ठेवायचे. सकाळी ते पाणी जास्वंदीला, आणि तुकडे साध्या पाण्याने दोनदा खळबळून काढायचे.

कोळशाचंही थोडं आहेच. भट्टीच्या कोळशावर राख असते आणि राखेत पालाश. धुऊन घ्या, कॅल्शियमच्या पाण्याची गरज नाही.

८. केळीच्या सालीचं पाणी, राख, तांदळाचं धुवण, ताक… यातलं काय चालतं?

केळीची साल ही मुख्यतः पालाशच. कॅल्शियम नाही, नत्र नावापुरतं, आणि त्यातल्या साखरेवर चिलटं येतात. चुलीची राख त्याहून वाईट, पालाशही आणि जबरदस्त अल्कलीही. तांदळाचं धुवण फारसं काही करत नाही, पण मॉसमध्ये आंबतं. ताक कढीला वापरा.

शेणखताची निवळी काही जण वापरतात आणि कोकणात उघड्यावर टांगलेल्या वँडा ऑर्किड त्यावर चांगल्या दिसतात हे मी पाहिलं आहे. तिथे पाऊस सगळं धुऊन नेतो. बंद बाल्कनीत नको.

९. आमचं बोअरचं पाणी आहे. तरी कॅल्शियम घालायचं?

आधी पाणी कसलं आहे ते पाहू. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी, म्हणजे मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच नळांना येणारं, सहसा मऊ असतं. त्यात कॅल्शियम थोडं, म्हणून प्रश्न ५ चं माप जसंच्या तसं. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊन येतं. किटलीत पांढरा थर बसतो आणि ऑर्किडच्या पानांवर चुन्याचे डाग पडतात ते हेच.

अशा पाण्यात कॅल्शियम नायट्रेट निम्मं करा, मॅग्नेशियम सल्फेट बंद ठेवलं तरी चालेल. पण कॅल्शियम नायट्रेट पूर्ण काढू नका, कारण या मिश्रणातलं बहुतेक नत्र त्यातूनच येतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) ४०० च्या वर दाखवत असेल तर अर्धं आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिसळणं हा खरा उपाय, खत बदलणं नव्हे.

एक अपवाद लक्षात ठेवा. सोसायटीत मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवला असेल तर त्या नळाचं पाणी ऑर्किडला नकोच. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, आणि टीडीएस मीटरवर आकडा तसाच दिसतो.

१०. किती वेळा द्यायचं? आणि खत देण्याआधी मुळं भिजवायची ना?

नवी पानं-मुळं वाढत असताना आठवड्यातून एकदा. महिन्यातून एकदा कुंडीतून साधं पाणी भरपूर वाहू द्या, साचलेले क्षार निघून जातील. पावसाळ्यात उघड्यावरच्या झाडांना उघडीप मिळेल त्या दिवशी. तेव्हा वाढ जोरात असते आणि पाऊस सगळं धुतो, म्हणून 'पावसाळ्यात खत बंद' हा नियम ऑर्किडला लागू करू नका. थंडीत वाढ थांबलेल्यांना पंधरा दिवसांनी किंवा अजिबात नाही.

मुळं आधी भिजवायचा सल्ला कडक खतासाठी होता, मुळं भाजू नयेत म्हणून. इतक्या पातळ खताला उलट करा. ऑर्किडच्या मुळावर पांढरट स्पंजासारखं जे आवरण असतं ते पहिल्या पाण्यातली अन्नद्रव्यं पकडून ठेवतं. रानातही पावसाची पहिली सरच फांद्या-पानांवरचं सगळं धुऊन खाली आणते. आधीच साध्या पाण्याने भरलेला स्पंज तुमचं खत काय शोषणार?

११. दुकानदार म्हणतो फुलांसाठी ०:५२:३४ द्या. तुम्ही म्हणता पालाश कमी करा. कोणाचं ऐकू?

दुकानदार द्राक्षाच्या आणि कांद्याच्या हिशोबाने बोलतो, त्याचा दोष नाही. ०:५२:३४ मध्ये नत्र नाही, स्फुरद ऑर्किडच्या गरजेच्या कितीतरी पट आणि पालाश भरपूर. फुलं त्याने येत नाहीत.

फॅलेनोप्सिस या ऑर्किडला फुलांचा दांडा येतो तो गारव्याने. दिवसाचं तापमान २८ अंशांच्या वर राहिलं तर दांडा धरत नाही. म्हणून पुण्यात नोव्हेंबर-डिसेंबरात काही न करता दांडे दिसतात आणि मुंबईत-गोव्यात तीच रोपं नुसती पानं काढत बसतात. तिथल्या लोकांनी मला 'फुलांचं खत' विचारण्यापेक्षा डेंड्रोबियम आणि वँडा लावावीत. या दोघांना ऊन हवं. डेंड्रोबियम फुलत नसेल तर दहापैकी नऊ वेळा उजेड कमी असतो.

१२. पण संशोधन तर म्हणतं की फॅलेनोप्सिसला पालाश भरपूर हवं?

हा प्रश्न विचारणारे थोडे, पण तो सगळ्यात रास्त आहे. यिन-तुंग वांग यांनी टेक्सासमध्ये केलेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. त्यांनी फॅलेनोप्सिसला लिटरमागे ० ते ५०० मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळं पोटॅशियम दिलं. शून्य पोटॅशियमवर मॉसमधल्या सगळ्या रोपांची खालची पानं पिवळी पडली, जांभळे डाग आले, दांडा वाढू लागला तसं हे बळावलं आणि काही रोपं फुलता फुलता मेली. सालीच्या मिश्रणात त्रास कमी दिसला. शिफारस निघाली ३०० मिलिग्रॅमची, चांगल्या फुलांसाठी.

कमी-पोटॅश गटाचं उत्तर असं, की नर्सरीला रोप एकदा भरघोस फुलवून विकायचं असतं आणि आपल्याला ते दहा वर्षं जगवायचं असतं. मला हे अर्धंच पटतं. दुसरीकडे त्यांच्या मूळ युक्तिवादालाही एक भोक आहे: पावसात पानांमधून सगळ्यात सहज झिरपून जाणारं द्रव्य पोटॅशियमच. म्हणजे झाडाखाली टपकणाऱ्या पाण्यात ते अगदीच नगण्य असतं असं म्हणता येत नाही.

माझं मत विचाराल तर के-लाइटवर ज्यांची झाडं सुधारली, त्यांना गुण कदाचित पालाश कमी केल्याचा आलाच नसेल. कॅल्शियम-मॅग्नेशियम पहिल्यांदा मिळालं आणि एकूण खत पातळ झालं, त्याचाही असेल. म्हणून मी पालाश उतरवते पण शून्यावर नेत नाही, आणि मॉसमधल्या फॅलेनोप्सिसला दांडा दिसला की प्रश्न ५ मधलं १९:१९:१९ दीड ग्रॅमपर्यंत वाढवते.

१३. पानांवरून कळतं का, कशाची कमतरता आहे?

थोडंफार. कॅल्शियम झाडात एकदा जिथे बसलं तिथून हलत नाही, म्हणून उणीव नव्या पानावर दिसते: कोवळ्या पानाचं टोक काळं पडून वाळतं. कॅटलिया ऑर्किडमध्ये उन्हाळ्याच्या जोरदार वाढीत हे हमखास. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून त्यांची उणीव खालच्या पानांवर. मॅग्नेशियमची असेल तर शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका, पोटॅशियमची असेल तर पिवळेपणा आणि जांभळट डाग.

पण सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं पडून गळणं हे म्हातारपण. त्याचा फोटो पाठवू नका.

१४. सगळ्या ऑर्किडना हेच खत?

बहुतेकांना. वँडाला कुंडीच नसते, म्हणून तिला हेच द्रावण निम्म्या ताकदीने पण आठवड्यातून दोन-तीनदा फवारा. चपलेसारख्या फुलाच्या पॅफिओपेडिलमपैकी काही जाती चुनखडीच्या कड्यांवर वाढतात, त्यांना कॅल्शियम मानवतंच, फक्त द्रावण निम्मं ठेवा, कारण त्यांच्या मुळांना क्षार सोसत नाहीत.

डेंड्रोबियम नोबिल हा खरा अपवाद. दिवाळीनंतर त्याचं खत पूर्ण बंद. नत्र चालू राहिलं तर फुलांच्या जागी पिल्लं (छोटी रोपं) येतात.

आणि सीतेची वेणी? ती तुमच्या अंगणातल्या आंब्या-फणसावर आधीपासून असेल तर तिला काही देऊ नका, तिचं बरं चाललं आहे. रानातून ओरबाडून आणलेली असेल तर तिच्या खताचं मला विचारू नका.

१५. अमेरिकेतला भाऊ ते तयार खत घेऊन येतो म्हणतो. मागवू?

तुमची शंभर झाडं असली तरी प्रश्न ५ चं मिश्रण पुरेल. भावाला दुसरं काहीतरी आणायला सांगा. न्यू जर्सीतून किंवा टेक्सासमधून वाचणाऱ्यांनी मात्र सरळ तयार घ्यावं. तिथे कॅल्शियम नायट्रेट शोधत फिरण्यापेक्षा तेच सोपं.

१६. खत बदलून महिना झाला, काहीच फरक नाही.

दिसणारही नाही. डागाळलेलं पान पुन्हा नितळ होत नाही. फरक पाहायचा तो नव्या मुळांच्या टोकांत आणि बदलानंतर आलेल्या पहिल्या पूर्ण पानात. ऑर्किडच्या वेगाने म्हणजे सहा महिने ते वर्ष. माध्यम जुनं असेल तर त्यात धरून बसलेले क्षार हळूहळूच सुटतात, म्हणून खताबरोबर कुंडीही बदला, शक्यतो नवी मुळं फुटायला लागतील तेव्हा.

१७. झाडाची मुळं सगळी कुजली आहेत. आता कमी पोटॅशचं खत दिलं तर वाचेल का?

खत घ्यायलाच कोणी नाही तर कमी काय आणि जास्त काय. कुजलेलं सगळं कापा, झाड सावलीत ओलसर हवेत ठेवा, बुंध्याशी साधं पाणी फवारत राहा. नवं मूळ हिरव्या टोकासह दोन बोटं लांब झालं की प्रश्न ५ चं द्रावण, तेही चौथाई ताकदीने.